अपघात पुण्यात, दावा लातुरात

६ जुलै १९६८. ओडिशातल्या जेपोर या गावी एका सिनेमागृहात नक्षीकाम चालू होते. काम करणारा सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. भरपाईच्या कायद्याला जोडलेल्या तक्त्यात अशा जखमेला ठरावीक टक्के दिलेले आहेत, तेवढेच द्यायचे, असे मालकाचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : सुतारकाम एका हाताने होत नाही, त्यामुळे या माणसाची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली. आणि भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशीच, न्यायालयाने आकडा काढल्यावर नव्हे. मूळ रक्कम होती ९,८०० रुपये; तिच्यावर पन्नास टक्के दंड आणि व्याजही मालकाच्या माथी बसले.

‘प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता’ या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही जखमी बांधकाम कामगाराच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार आहे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात तो माहीत असण्याची गरज जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा-निलंगा भागात गावेच्या गावे नव्याने उभी राहिली आणि त्या बांधकामांवर पुष्कळांच्या हाती थापी-ओळंबा आला. आज इथला गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी पुण्यात असतो, हैदराबादेत असतो, नाहीतर सीमेपलीकडे बिदर-भालकीकडे. त्याला कामावर नेणारा मुकादम बहुतेक वेळा गावचाच, कधी भावकीतलाच. अपघात झाला की हाच मुकादम दवाखान्याचे बिल भरतो, हातावर काही हजार ठेवतो आणि गाडीत बसवून गावी पाठवतो. जखमी माणूस खाटेवर, साइट शेकडो किलोमीटर दूर. पुढे काय करायचे, हे सांगणारा कोणी नसतो.

कायदा मात्र आहे, आणि तो बराचसा कामगाराच्या बाजूने झुकलेला आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (जुने नाव कामगार नुकसानभरपाई कायदा) मालकाची चूक सिद्ध करायला सांगत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढे दाखवले की पुरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तिथे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. भरपाईची मूळ चौकट तीच राहिली. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशीचा कायदा त्या दाव्याला लागतो. म्हणून संहिता लागू होण्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतील.

केसपेपरवरची एक ओळ

दाव्याचे भवितव्य अनेकदा पहिल्या तासात ठरते, आणि तेही दवाखान्यात. जखमीला आत नेले की डॉक्टर किंवा नर्स विचारतात, ‘कसं लागलं?’ सोबत आलेला माणूस ठेकेदाराचा असतो. पोलिसांची भानगड नको म्हणून तो सांगून टाकतो, ‘घरी जिन्यावरून पडला’. केसपेपरवर तेच उतरते. सहा महिन्यांनी तोच कागद न्यायालयात येतो आणि विमा कंपनीचा वकील त्या एका ओळीवर बोट ठेवतो.

म्हणून नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी केसपेपर वाचून घ्यावा. कोणत्या साइटवर, कितव्या मजल्यावरून, काय करताना पडला हे त्यात आलेच पाहिजे. चुकीचे लिहिले असेल तर तिथल्या तिथे जखमीचा जबाब नोंदवायला सांगावे. खासगी दवाखाना असला तरी ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद, करायला लावावी. पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणत असतील तर त्यांना आठवण करून द्यावी की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो, जखमी केल्याचा कलम १२५ खाली. फौजदारी खटल्यातून भरपाई मिळते असे नाही. पण पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि घटनास्थळाचे फोटो त्यातूनच सरकारी कागदावर येतात.

दुसरा प्रश्न : हा माणूस तिथे कामाला होता हे कशावरून? नेमणूकपत्र कोणाकडेच नसते. पण मुकादमाने फोनवर पाठवलेली उचल, आठवड्याच्या हिशेबाचा वहीतला फोटो, गेटवरची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला स्लॅबचा फोटो, सोबत्यांचे मोबाइल नंबर हे सगळे पुरावेच आहेत. फोन बदलण्याआधी ते दुसरीकडे साठवून ठेवावे. आणखी एक फोटो फार मोलाचा : साइटच्या दारावरचा फलक. गृहप्रकल्प असेल तर त्यावर महारेरा नोंदणी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून बिल्डरचे पूर्ण नाव-पत्ता महारेराच्या संकेतस्थळावर निघतो. सरकारी कामाच्या फलकावर खाते आणि कंत्राटदार दोन्ही लिहिलेले असतात.

मुकादमाच्या वर कोण?

फलकाचा फोटो लागतो तो याच प्रश्नासाठी. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ ने एक मोठी सोय केली आहे. धंदा करणाऱ्याने आपले काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तरी ठेकेदाराच्या माणसाला झालेल्या अपघाताची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. त्याने ती देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे दाव्यात मुकादम, ठेकेदार आणि बिल्डर या तिघांनाही सामनेवाले करता येते. बिल्डरने विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही. मुकादमाच्या खिशात तसेही काही नसते. गावच्या माणसाशी वैर घेण्यापेक्षा त्याला साक्षीदार करता आला तर दावा भक्कम होतो.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायची. एखादा शिक्षक निलंग्यात स्वतःचे राहते घर बांधतोय आणि काम ठेकेदाराला दिलेय, तर घर बांधणे हा त्या शिक्षकाचा धंदा नाही. अशा ठिकाणी कलम १२ ओढूनताणून लागत नाही, जबाबदार ठेकेदारच.

मालकाकडून ठरलेली उत्तरे येतात. ‘हेल्मेट घातलं नव्हतं.’ ‘पिऊन होता.’ ‘त्याचीच चूक.’ साधा हलगर्जीपणा हा बचावच नाही. दारूचा अंमल, किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे, हे बचाव कायद्यात आहेत. पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. मुळात साइटवर हेल्मेट दिलेच नव्हते, तर आदेश मोडला कुठून?

कामाची वेळ नव्हती, हेही उत्तर असते. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. ते कामावर नव्हते, झोपेत होते. पण मालकाने दिलेल्या निवाऱ्यात कामगार राहतो तो कामासाठीच, म्हणून असा बचाव सहज टिकत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या अपघाताबद्दल तर अलीकडेच शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या प्रकरणात निकाल आला आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर वाटेवरचा अपघातही कामाच्या ओघातलाच, असे न्यायालयाने म्हटले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद थेट लिहिलेली आहे.

हिशेब कसा होतो

भरपाईचा आकडा कोणाच्या मनाने ठरत नाही. महिन्याचा पगार आणि वयानुसार दिलेला घटक यांचा तो गुणाकार. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये. त्याहून जास्त कमावणाऱ्याचाही तेवढाच धरतात. वय २५ असेल तर घटक २१६.९१, ३५ ला १९७.०६, ४५ ला १६९.४४, ५५ ला १३५.५६.

३५ वर्षांचा गवंडी, महिन्याची मजुरी १५,००० च्या वर. त्याचा मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के, म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६ : एकूण १४,७७,९५० रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा. तो जगला पण कायमचा पूर्ण निकामी झाला तर ६० टक्के धरायचे : १७,७३,५४० रुपये. अंगठा तुटला तर तक्त्यात ३० टक्के आहेत, म्हणजे त्या रकमेचे ३० टक्के : ५,३२,०६२. पाय मोडून काही महिने घरी बसावे लागले तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, इथे ३,७५० रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षे. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च या सगळ्याहून वेगळा मिळतो, म्हणून औषधाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा टाकून देऊ नये. नव्या संहितेखाली पगाराची मर्यादा अधिसूचनेने बदलू शकते, तेव्हा दावा टाकताना अपघाताच्या तारखेचा आकडा वकिलाकडून खात्री करून घ्यावा.

महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज चालू होते. वरच्या १४,७७,९५० वर एका वर्षाचे व्याज १,७७,३५४ रुपये होते. टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो. पॉलिसीत वगळलेले नसेल तर व्याज विमा कंपनी भरते. दंड मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो.

खरी चढाओढ होते ती टक्केवारीवर, आणि इथे जेपोरचा सुतार कामी येतो. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दाखल्यावर ‘४० टक्के अपंगत्व’ असे लिहिलेले असते. तो आकडा शरीराचा. भरपाई ठरते ती कमाईच्या नुकसानीवर. मणक्याला मार लागलेला, शरीराने ४० टक्के अपंग असलेला सेंट्रिंगवाला पुन्हा परांचीवर चढू शकत नाही, फळी उचलू शकत नाही. त्याला दुसरे काम येत नसेल तर त्याचे नुकसान ४० टक्के कसे? मणक्यासारखी जखम तक्त्यात नसते. तिथे डॉक्टरने कमाईची किती ताकद गेली हे स्वतंत्रपणे सांगायचे असते. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरला काम नेमके काय होते हे सांगावे आणि ‘हे काम तो पुन्हा करू शकेल का’ याचे उत्तर लेखी मागावे. पुढे त्या डॉक्टरची साक्ष लागते, हेही लक्षात ठेवावे.

सही करण्याआधी

दवाखान्यातून सुटी मिळताना स्टॅम्पपेपरवर मजकूर तयार असतो : ‘मला पन्नास हजार मिळाले, माझी काही तक्रार नाही.’ कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे. आपसात तडजोड करायचीच असेल तर तिची आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई परस्पर देताच येत नाही; ती आयुक्तांकडेच जमा करायची असते, मग ते विधवा, मुले, आईवडील यांच्यात वाटणी करतात. मालकाने घरी आणून दिलेले पैसे, काही मर्यादित आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरले जात नाहीत. ज्यांनी आधीच अंगठा दिला आहे त्यांनी म्हणून हातपाय गाळू नयेत.

सरकारी मदतीचीही गल्लत होते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जण मरण पावले. राज्य सरकारकडून ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. हे सानुग्रह अनुदान. मालकाकडून मिळायची कायदेशीर भरपाई त्याने संपत नाही.

कोर्ट कुठले, वकील कोण

निलंग्याच्या माणसासाठी सगळ्यांत उपयोगी तरतूद कलम २१ ची. अपघात जिथे झाला तिथेच दावा टाकायचा असे बंधन नाही. जखमी कामगार, किंवा मेलेल्याचे वारस, जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही तो टाकता येतो. साइट पुण्यात असो की हैदराबादेत, दावा लातूर जिल्ह्यात चालू शकतो. बिल्डरच्या वकिलाने इकडे यायचे. मुदत दोन वर्षे. ती उलटली असेल आणि कारण पटण्यासारखे असेल, उदाहरणार्थ दीर्घ आजारपण, तर उशीर माफ होऊ शकतो. मालकाला स्पीड पोस्टाने नोटीस लवकरात लवकर पाठवावी. पण मालकाला अपघात माहीतच होता, तर नोटीस राहिली म्हणून दावा बुडत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती अनेकांना दारातच अडवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. नवरा गेलेली बाई आणि अपघाताने अपंग झालेला गवंडी दोघेही यात थेट बसतात. निलंग्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, लातूरला जिल्हा प्राधिकरण. साध्या कागदावरचा अर्ज, आधार, दवाखान्याचे कागद घेऊन जावे. दावा नेमका कोणाकडे दाखल करायचा हेही तिथेच कळते. फोनवरून विचारायचे तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. ‘दहा टक्के दे, सगळं मिळवून देतो’ म्हणणारा दलाल गाठ घ्यायला आला तर आधी या क्रमांकावर बोलावे.

दोन फाटे आधीच तपासावेत. अपघात डंपर, क्रेन, जेसीबी अशा वाहनाने झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते, आणि तिथे पगाराची १५,००० ची मर्यादा नसते; मात्र दोन्हींपैकी एकच वाट निवडायची. कामगार ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे नोंदलेला असेल तर भरपाई मालकाकडून न मिळता त्या महामंडळाकडून पेन्शनच्या रूपाने मिळते.

दाव्याखेरीज

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे पैसे बांधकामांवरच्या एक टक्का उपकरातून येतात. १८ ते ६० वयाचा, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेला कामगार नोंदणी करू शकतो; दाखला ठेकेदार देतो, नाही दिला तर ग्रामसेवक किंवा नगरपरिषद. नोंदीत कामगार कामावर मेला तर वारसांना ५ लाख, ७५ टक्के किंवा जास्त अपंगत्व आले तर २ लाख, अंत्यविधीला १० हजार, विधवेला पाच वर्षे दरसाल २४ हजार, अशा मंडळाच्या योजना आहेत. पण अपघाताच्या दिवशी नोंदणी ‘जीवित’, म्हणजे चालू, असावी लागते. मंडळाकडून भांडी आणि पेटी मिळाल्यावर नूतनीकरण विसरणाऱ्यांची घरे इथेच अडकतात.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे का, हे पासबुकात पहावे. मृत्यूला आणि पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. नावावर किंवा घरात थोडीफार शेती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचाही विचार करावा. ती उंचावरून पडण्याला लागू आहे. मात्र दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेतल्यावर ती मिळते का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारावे आणि अर्ज तीस दिवसांत द्यावा.

निकाल लागल्यावर मालक उच्च न्यायालयात जाण्याची धमकी देतो. लातूरसाठी ते म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. ही धमकी वाटते तेवढी स्वस्त नाही. अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर करता येते, आणि निकालाची पूर्ण रक्कम आधी जमा केल्याचा आयुक्तांचा दाखला जोडल्याशिवाय मालकाचे अपील दाखलच होत नाही. रक्कम जमा झाली की तिच्यातला काही भाग अपील चालू असतानाच काढू द्यावा, असा अर्ज कामगाराच्या वकिलाने पहिल्याच तारखेला द्यावा. मालक अपिलातही गेला नाही आणि पैसेही देत नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचा अर्ज आयुक्तांकडे करता येतो. मग ते काम तहसीलदाराकडे जाते.